साथरोग, माजी सैनिक आणि तात्पुरती सवलत : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (१९१८ ते २०२३)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या लष्करी इतिहासाचे लेखन बहुतांशी रणभूमीभोवती फिरत आले आहे. कोणती पलटण कोठे लढली, कोणाला कोणते पदक मिळाले, कोणत्या गावातून किती जवान गेले, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळ प्रमाणात उपलब्ध आहेत. मात्र सैनिक गणवेश उतरवून गावी परतल्यानंतर त्याचे काय होते, आणि विशेषतः समाजावर साथरोगाचे संकट कोसळले असता राज्यसंस्था त्याच्या शुश्रूषेसाठी काही जादा तरतूद करते काय, हा प्रश्न इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत निबंधात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आणि २०२० ते २०२३ या काळातील कोविड-१९ ची साथ, या दोन टोकांमधील शंभर वर्षांचा या दृष्टीने आढावा घेण्यात आला आहे.

निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. साथीच्या काळात माजी सैनिकांना मिळालेली जादा मदत ही रकमेतील वाढीच्या स्वरूपात फारशी आली नाही. ती नियम शिथिल होण्याच्या स्वरूपात आली. ही शिथिलता ज्यांच्याकडे निवृत्तिवेतन होते त्यांच्यापुरतीच मर्यादित राहिली. निवृत्तिवेतनधारक आणि निवृत्तिवेतनाविना परतलेला सैनिक यांच्यातील सीमारेषा १९१८ मध्ये होती, ती २०२० मध्येही पूर्णतः पुसली गेलेली नव्हती.

अभ्यासक्षेत्र आणि त्याची लष्करी परंपरा

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले तरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लष्करभरतीच्या दृष्टीने ते बव्हंशी एकच क्षेत्र होते. तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हा प्रदेश तत्कालीन सातारा जिल्ह्यातच मोडत असे. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण आदी संस्थाने विलीन झाल्यानंतर १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे करण्यात आले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नामकरण सांगली असे झाले. त्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या संदर्भात 'साताऱ्याचा सैनिक' असा उल्लेख येतो, तेव्हा त्यात आजच्या सांगली जिल्ह्यातील अनेक गावांचाही समावेश असतो.

कृष्णा, कोयना आणि वारणा यांच्या काठचा सुपीक पट्टा सोडला तर या प्रदेशाचा मोठा भाग अवर्षणप्रवण आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतील कोरडवाहू शेतीला लष्करातील नोकरीचा आधार मोठा वाटत आला. सातारा शहराजवळील अपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला. पहिल्या महायुद्धात या एकाच गावातील ४६ जवान कामी आले व त्यांच्या स्मरणार्थ गावात स्तंभ उभारण्यात आला.

ही परंपरा एकाच समाजाची नव्हती, हेही येथे नोंदविणे आवश्यक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यानंतर साताऱ्यास वास्तव्याला होते. त्या काळात लष्करी निवृत्तिवेतन म्हणजे दुष्काळ असो वा आजारपण, दरमहा निश्चित हाती येणारी रोख रक्कम होय. ग्रामीण अर्थव्यवस्थेत अशी रोख रक्कम अत्यंत दुर्मीळ होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महार समाजाची लष्करभरती बंद करण्यात आली. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची निकड भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये ती विसर्जित झाली. संकटकाळी भरती करावयाची आणि संकट सरताच निवृत्तिवेतनास पात्र होण्यापूर्वीच घरी पाठवावयाचे, या धोरणाचे हे ठळक उदाहरण होय.

१९१८ ची साथ आणि परतणारे सैनिक

इन्फ्लुएन्झाची पहिली लाट जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात दिसून आली. गोदीवर कामाला असलेले पोलीस शिपाई प्रथम आजारी पडले. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट अधिक संहारक ठरली व ती रेल्वेमार्गाने आणि घाटरस्त्यांनी देशावर पसरली. त्याच वर्षी पावसाने दगा दिल्यामुळे अन्नधान्याची टंचाई होती. मुंबई इलाख्यातील मृत्यूंची संख्या दहा लाखांहून अधिक असल्याचे अभ्यासकांचे अनुमान आहे. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याची नोंद असलेले एकमेव दशक ठरले.

याच सुमारास मेसोपोटेमिया आणि अन्य आघाड्यांवरील सैनिक परतू लागले होते. कुतच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणींचा समावेश होता. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडल्यानंतर तुर्कांच्या कैदेत गेलेल्यांपैकी जे जगले, ते युद्ध संपल्यावर मायदेशी आले. युद्धातून वाचून आलेला हा सैनिक साथीने ग्रासलेल्या आणि धान्य नसलेल्या गावात परतत होता.

या सैनिकासाठी सरकारी पातळीवर कोणती व्यवस्था होती? जखमी व अपंग झालेल्यांना हस्तव्यवसायाचे शिक्षण देण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू करण्यात आले. ही संस्था पुढे खडकीस हलविण्यात आली. सैनिकांच्या हिताची देखरेख करण्यासाठी इंडियन सोल्जर्स बोर्ड अस्तित्वात आले. परंतु या सर्व व्यवस्थांचा पाया 'युद्धसेवेतून उद्भवलेले नुकसान' हा होता. रणांगणावर पाय गमावला तर त्याची नोंद होत असे. गावी परतल्यावर तापाने अंथरूण धरले तर ती त्या कुटुंबाची खासगी बाब ठरत असे.

साथीसंबंधीचा कायदाही या बाबतीत मौन बाळगून होता. प्लेगच्या पार्श्वभूमीवर संमत झालेला १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा अवघ्या चार कलमांचा होता. प्रवाशांची तपासणी, रुग्णांचे विलगीकरण, आदेश मोडणाऱ्यास शिक्षा आणि सद्हेतूने कृती करणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण, एवढाच त्याचा आवाका होता. शुश्रूषा, भत्ता किंवा साहाय्य याविषयी त्यात एकही तरतूद नव्हती. महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० रोजी याच कायद्याचा अंमल पुन्हा सुरू केला, ही बाब ऐतिहासिक सातत्याच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

कल्याणयंत्रणेची जडणघडण

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांपर्यंत पोहोचली. युद्ध संपताच यांतील बहुसंख्य जवानांना सेवामुक्त करण्यात आले. युद्धकाळापुरती सेवा झालेली असल्याने त्यांना सेवानिवृत्तिवेतन लागू झाले नाही. महायुद्धोत्तर पुनर्रचनेसाठी निधी उभारण्यात आला होता आणि त्यातून शिक्षण, वसतिगृहे, पुनर्वसन यांसारख्या सामूहिक योजना राबविण्यात आल्या. परंतु वृद्धापकाळातील वैयक्तिक वैद्यकीय खर्चाची हमी त्यातून मिळत नव्हती.

स्वातंत्र्योत्तर काळात १९४९ पासून ७ डिसेंबर हा दिवस सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जाऊ लागला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे गावातील माजी सैनिकाला परिचित असलेले शासनाचे रूप बनले. मुलांची शिष्यवृत्ती, मुलीच्या विवाहासाठी अनुदान, विधवांचे अर्ज, ओळखपत्रे ही कामे तेथून चालत. केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत निवृत्तिवेतन नसलेल्या वृद्ध माजी सैनिकांना चरितार्थासाठी मासिक अनुदान दिले जाते; २०१७ मध्ये ही रक्कम दरमहा १,००० रुपयांवरून ४,००० रुपये करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धातील सैनिक व त्यांच्या विधवांना राज्य शासन स्वतंत्र मानधन देते. याखेरीज शंभर टक्के अपंगत्व असलेल्या व ज्याला दुसऱ्याच्या मदतीवाचून दैनंदिन व्यवहार करता येत नाहीत अशा सैनिकास 'सतत परिचर भत्ता' मिळतो. १ जुलै २०१७ पासून तो दरमहा ६,७५० रुपये होता. घरी शुश्रूषा करणाऱ्यासाठी दिली जाणारी ही रक्कम असल्याने प्रस्तुत विषयाशी तिचा थेट संबंध आहे.

वैद्यकीय सेवेच्या बाबतीत मूलभूत बदल झाला तो १ एप्रिल २००३ रोजी. त्या दिवशी 'एक्स-सर्व्हिसमेन काँट्रिब्युटरी हेल्थ स्कीम', म्हणजेच ईसीएचएस, ही योजना सुरू झाली. तत्पूर्वी माजी सैनिकाला उपचारांसाठी लष्करी रुग्णालयावर अवलंबून राहावे लागे, आणि सातारा-सांगलीच्या सैनिकाला त्यासाठी प्रामुख्याने पुणे वा बेळगाव गाठावे लागे. एकरकमी वर्गणी भरून सभासद होता येणे, जवळच्या पॉलिक्लिनिकमधून औषधे मिळणे आणि तेथील संदर्भपत्रावर मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयात उपचार घेता येणे, ही या योजनेची वैशिष्ट्ये होती. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ करण्यात आली. परंतु सभासदत्वाची मूलभूत अट निवृत्तिवेतनाची होती. दुसऱ्या महायुद्धातील सैनिक, आणीबाणी व अल्पमुदत आयोगातील अधिकारी आणि मुदतपूर्व निवृत्त झालेले यांना योजनेचे दार उघडले ते मार्च २०१९ मध्ये. महायुद्ध संपून तोवर जवळजवळ चौऱ्याहत्तर वर्षे लोटली होती.

कोविड काळ : काय वाढले?

मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे एकाच वेळी आढळलेल्या रुग्णांमुळे या परिसराचे नाव राज्यभर चर्चेत आले. मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय कोविड रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले. २०२१ च्या उन्हाळ्यात राज्याच्या इतर भागांतील दुसरी लाट ओसरू लागली असतानाही सातारा, सांगली व कोल्हापूर येथील रुग्णसंख्या दीर्घकाळ चढी राहिली.

या काळात माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत कोणते तात्पुरते बदल झाले, ते पुढीलप्रमाणे नोंदविता येतात.

पहिला बदल औषधांचा. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची औषधे नियमित घेणाऱ्या सभासदांना पॉलिक्लिनिकमध्ये न जाता खुल्या बाजारातून औषधे खरेदी करून खर्चाची प्रतिपूर्ती मागण्याची मुभा देण्यात आली. जत वा पाटण तालुक्यातील वृद्ध सैनिकासाठी टाळेबंदीच्या काळात या मुभेचे मोल मोठे होते, कारण एस.टी. बंद होती आणि प्रवासासाठी पास लागत होता. दुसरा बदल उपकरणाचा. बाधित सभासदाच्या कुटुंबासाठी एका पल्स ऑक्सिमीटरची किंमत कमाल १,२०० रुपयांपर्यंत परत मिळू लागली. तिसरा बदल मनुष्यबळाचा. दुसऱ्या लाटेत देशातील ५१ अधिक भार असलेल्या पॉलिक्लिनिकमध्ये रात्रपाळीसाठी प्रत्येकी एक वैद्यकीय अधिकारी, परिचर्या साहाय्यक, औषधनिर्माता, वाहनचालक आणि चौकीदार यांची ठरावीक मुदतीसाठी कंत्राटी नेमणूक मंजूर झाली. चौथा बदल दूरसल्ल्याचा. २७ मे २०२१ रोजी 'सेहत' ही दूरवैद्यकीय सेवा सुरू करण्यात आली आणि तिचा लाभ सेवेतील व निवृत्त अशा दोन्ही सैनिकांना खुला झाला.

या चारही बदलांकडे एकत्रितपणे पाहिले असता एक समान सूत्र आढळते. यांतील एकाही निर्णयाने सैनिकाच्या हाती दरमहा पडणाऱ्या रकमेत वाढ झाली नाही. सतत परिचर भत्ता ६,७५० रुपयांवरच राहिला. हा भत्ता महागाई भत्त्याच्या टक्केवारीशी जोडलेला आहे, साथीच्या तीव्रतेशी नाही. ज्या काळात शुश्रूषेसाठी येणारी बाहेरची व्यक्ती मिळेनाशी झाली आणि मिळालीच तर अधिक मोबदला मागू लागली, त्या काळात शुश्रूषेचा भत्ता स्थिर होता. अमेरिकेत याच काळात अशा स्वरूपाचा परिचर्या-लाभ साथ संपेपर्यंत तात्पुरता वाढविण्याचा प्रस्ताव कायदेमंडळात मांडण्यात आला होता. भारतात या दिशेने सार्वजनिक चर्चाही फारशी झाली नाही.

गोठलेला महागाई भत्ता

रक्कम वाढली नाही एवढ्यावरच हा विषय थांबत नाही. २३ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने कर्मचारी व निवृत्तिवेतनधारक यांच्या महागाई भत्त्याची वाढ गोठविली. १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ अशा तीन हप्त्यांना हा निर्णय लागू झाला. परिणामी अठरा महिने हा दर १७ टक्क्यांवर राहिला. १ जुलै २०२१ पासून तो २८ टक्के झाला, परंतु मधल्या काळाची थकबाकी देण्यात आली नाही. या निर्णयातून सुमारे ३४ हजार कोटी रुपयांची बचत झाल्याचे शासनाने नंतर संसदेत सांगितले. केंद्राकडून निवृत्तिवेतन घेणारे माजी सैनिकही या निर्णयाच्या कक्षेत येत होते.

या निर्णयामागील आर्थिक कारणमीमांसा नाकारण्याचे प्रयोजन नाही. महसूल आटला होता आणि आरोग्यावरील खर्च वाढला होता. तथापि इतिहासाच्या दृष्टीने नोंद करावयाची ती अशी, की एका हाताने १,२०० रुपयांच्या उपकरणाची प्रतिपूर्ती मंजूर होत असताना दुसऱ्या हाताने मासिक निवृत्तिवेतनातील नियमित वाढ थांबविण्यात आली होती. दोन्ही निर्णय तात्पुरते होते. त्यांतील सवलतीची मुदत संपली तेव्हा ती संपली. गोठविलेल्या रकमेची मुदत संपली तेव्हा रक्कम मात्र परत आली नाही.

सीमारेषेबाहेरील सैनिक

निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकाची स्थिती या काळात कशी होती, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. ईसीएचएसच्या सवलती त्याला लागू नव्हत्या. त्याच्या वाट्याला जे आले ते सैनिक म्हणून नव्हे, तर नागरिक म्हणून आले. महाराष्ट्र शासनाने मे २०२० मध्ये महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची कक्षा तात्पुरती वाढवून राज्यातील सर्व नागरिकांना तिचा लाभ खुला केला. तसेच सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निकालानंतर कोविडने मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या वारसास ५०,००० रुपयांचे सानुग्रह साहाय्य निश्चित झाले. यांपैकी कशासाठीही सेवापुस्तिका दाखवावी लागत नव्हती.

येथे दोन प्रकारच्या तात्पुरत्या वाढींमधील भेद स्पष्ट होतो. ईसीएचएसने लाभार्थी तेच ठेवून लाभाच्या बाबी वाढविल्या. राज्याच्या योजनेने लाभार्थींचे वर्तुळच विस्तारले. पहिल्या प्रकारच्या बहुतेक सवलती साथीबरोबर विरून गेल्या. दुसऱ्या प्रकारची वाढ मात्र टिकली. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही योजना सर्वांसाठी खुली ठेवून संरक्षणाची मर्यादा प्रतिकुटुंब ५ लाख रुपये करण्याचा निर्णय घेतला. एकदा आत घेतलेल्या माणसाला पुन्हा बाहेर काढणे राज्यसंस्थेला कठीण जाते, हे यावरून दिसते.

निवृत्तिवेतन नसलेल्या माजी सैनिकांसाठीच्या अनुदानांतही वाढ झाली, परंतु ती साथ ओसरल्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. हवालदार पदापर्यंतच्या निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांचे वैद्यकीय अनुदान ३०,००० वरून ५०,००० रुपये करण्याचा निर्णय त्याच वर्षी झाला. चरितार्थासाठीचे ४,००० रुपयांचे मासिक अनुदान तर २०२५ मध्ये दुप्पट करण्यात आले. हे निर्णय स्वागतार्ह आहेत. मात्र ज्या दोन वर्षांत त्यांची निकड सर्वाधिक होती, ती दोन वर्षे जुन्याच दराने गेली.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. १९१८ मध्ये साथीच्या काळात माजी सैनिकाच्या शुश्रूषेची जबाबदारी राज्यसंस्थेने स्वतंत्रपणे मानलेली नव्हती. २०२० मध्ये ती मानली गेली, हा शंभर वर्षांतील निःसंशय मोठा बदल होय. २००३ च्या योजनेने तयार झालेली यंत्रणा उभी नसती, तर कोविड काळातील शिथिलता देण्यासाठी आधारच उपलब्ध नसता.

२. ही जबाबदारी नियमांच्या शिथिलतेतून व्यक्त झाली, रोख लाभाच्या वाढीतून नाही. शुश्रूषेचा भत्ता स्थिर राहिला आणि निवृत्तिवेतनावरील महागाई भत्ता गोठविला गेला.

३. निवृत्तिवेतनाची अट ही खरी सीमारेषा ठरली. १११ व्या महार पलटणीचा विसर्जित सैनिक, दुसऱ्या महायुद्धानंतर घरी पाठविलेला जवान आणि कोविड काळातील निवृत्तिवेतन नसलेला वृद्ध हे एकाच रेषेच्या बाहेर उभे असलेले दिसतात.

४. लाभार्थींचे वर्तुळ वाढविणारा तात्पुरता निर्णय कायम होण्याची शक्यता अधिक असते. केवळ बाबी वाढविणारा निर्णय मुदतीबरोबर संपतो.

सातारा-सांगलीच्या गावोगावी सैनिकांची स्मारके आहेत आणि त्यांवर कामी आलेल्यांची संख्या कोरलेली आहे. परत आलेल्यांची संख्या कोणत्याही शिळेवर नाही. त्यांच्या आजारपणाचा आणि शुश्रूषेचा इतिहास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतील अर्ज, पॉलिक्लिनिकमधील प्रतिपूर्तीची देयके आणि कुटुंबांच्या आठवणी यांतून अद्याप लिहिला जावयाचा आहे. कोविड काळातील कागदपत्रे आजही उपलब्ध होण्यासारखी आहेत आणि तो काळ अनुभवलेली वृद्ध पिढी अजून बोलू शकते. १९१८ च्या बाबतीत ही संधी हातातून गेली आहे. या परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घेतल्यास पुढील साथीच्या वेळी धोरणकर्त्यांसमोर निदान एक लिखित अनुभव असेल.